गॅदरिंग संपल्यावरचा तास

प्रश्न : आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यामुळे बारा वर्षं कोइमतूरला आहोत. मुलगा पाचवीपर्यंत इथेच शिकला. मराठी नीट यावं, आपली माणसं कळावीत म्हणून यंदा जूनमध्ये त्याला सहावीला साताऱ्याजवळच्या एका निवासी शाळेत घातलं. अभ्यासाची तक्रार नाही. पण शाळेत सारखे कार्यक्रम असतात आणि हा एकातही भाग घेत नाही. दिवाळीची सुट्टी संपवून परत गेल्यापासून दर रविवारी फोनवर एकच म्हणतो, ‘गॅदरिंगच्या आधी मला न्यायला या.’ पोंगलच्या आधी आमच्याकडे कामाचा रेटा असतो, दोघांनाही दुकान सोडता येत नाही. या कार्यक्रमांनी अभ्यास बुडतो का? त्याला भाग घ्यायला लावावं का? की गॅदरिंगपुरतं घरी आणावं?

उत्तर :

ताई, गॅदरिंगपुरतं घरी आणू नका. बाकीचं सगळं सविस्तर लिहितो, पण हे आधी सांगतो, कारण तिकिटं काढायचा विचार तुमच्या मनात सुरू झाला असेल.

मी 1997 पासून सातारा तालुक्यातल्या एका बोर्डिंगमध्ये आहे. आधी सहायक अधीक्षक होतो, पुढे रेक्टर झालो. आमच्याकडे पाचवी ते दहावीची 180 मुलं राहायला आहेत आणि त्याच वर्गांत आसपासच्या गावांतून येऊन-जाऊन करणारी मुलंही आहेत. आम्ही त्यांना ‘गावातली पोरं’ म्हणतो आणि ही ‘बोर्डिंगची पोरं’. वर्ग एकच, बाक एकच, गणवेशही एकच. वर्षभर या दोघांत फरक दिसत नाही. तो दिसतो कार्यक्रमाच्या दिवशी, आणि त्यातही कार्यक्रम संपल्यावर.

आमच्या गॅदरिंगची रात्र सांगतो, म्हणजे तुमचा मुलगा कशाला घाबरतोय ते कळेल. दुपारी चारपासून गावाकडून मोटरसायकली यायला लागतात. आई, बाप, आजी, कडेवर धाकटं पोर. सहाला मांडव भरतो. पाहुण्यांची भाषणं, मग नाच, नाटुकली, पोवाडा. साडेनवाला बक्षिसं, वंदे मातरम् आणि संपलं. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत मैदान रिकामं होतं. गावातली पोरं बापाच्या खांद्यावर झोपून नाहीतर गाडीच्या टाकीवर बसून निघून जातात. कुणाची आई पदराने तोंड पुसत असते, कुणी ‘लई भारी नाचलास’ म्हणत असतं. आणि 180 पोरं त्या मांडवात मागे राहतात. खुर्च्या वेड्यावाकड्या, जाजमावर चमक्या, तुटलेल्या बांगड्या, आणि गाणी बंद झाल्यावर कानात येतो तो सुन्नपणा. नव्या पोराला घराची सगळ्यात जास्त आठवण येते ती याच वेळी. जूनमध्ये ट्रंक घेऊन आलेल्या पहिल्या रात्रीसुद्धा एवढी येत नाही, असा माझा अनुभव आहे. पहिल्या रात्री सगळीच रडत असतात, त्यामुळे सोबत असते. गॅदरिंगच्या रात्री मात्र आत्ता शेजारी नाचत असलेला मित्र आईबरोबर निघून गेलेला असतो.

माझ्या हातून या बाबतीत एक मोठी चूक झाली. ती सांगतो, कारण पुढे मी जे काही शिकलो ते तिच्यातून.

नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. गॅदरिंगच्या रात्रीही मी शिस्तीने साडेदहाला दिवे बंद करायचो. त्या साली सातवीतल्या एका मुलाने गजनृत्यात भाग घेतला होता. माण तालुक्यातलं धनगराचं पोर, घरचे मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरलेले. त्यामुळे येणार कोण? पांढरा अंगरखा, डोक्याला पटका, हातात रंगीत रुमाल, ढोलाच्या ठेक्यावर पोरं गोल फिरत होती. सकाळी मी खोल्यांची तपासणी करत गेलो तर याच्या उशीवर लाल रंगाचा आणि काजळाचा भलामोठा डाग. रंग न धुताच झोपला होता. मी रागावलो. उशीचा अभ्रा कोण धुणार म्हणून विचारलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, ‘सर, काल तुम्ही आमचा नाच बघितला का?’ मी म्हणालो, ‘बघितला की.’ तो म्हणाला, ‘मग मी कुठल्या रांगेत होतो?’

मी बघितला नव्हता. त्या वेळी पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो. गजनृत्यात पोरं रिंगणात फिरतात, त्यात रांगच नसते, हे त्याला ठाऊक होतं आणि मला आठवलं नाही. मी ‘दुसऱ्या’ म्हणालो. तो काही बोलला नाही. अभ्रा काढून नळावर गेला.

तेव्हापासून आमच्याकडे गॅदरिंग संपलं की दिवे बंद होत नाहीत. मैदानात शेकोटी पेटते. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याला थंडी चांगलीच असते. मेसच्या मावशी खोबरेल तेलाची बाटली आणि जुन्या धोतराच्या मऊ चिंध्या घेऊन बसतात आणि एकेकाचं तोंड पुसून रंग उतरवतात. पावडर-लालीवर साबण लावला की आग होते, तेलाने अलगद निघते. पोरं रांगेत उभी राहतात. मोठी, नववीतली, मिसरूड फुटलेली पोरंही त्या रांगेत उभी राहतात, आणि मावशी त्यांचीही हनुवटी धरून तोंड वर करतात. मसाला दूध असतं. जाजम सगळी मिळून गुंडाळतात. मग जो तो आपापलं सांगतो, कुणाचा पटका सुटला, कुणाची वाक्यं राहिली. मी कुठलंही दुसरं काम घेत नाही. संध्याकाळी पाहुण्यांकडे मुख्याध्यापक बघतात. मी पहिल्या रांगेच्या कडेला वही घेऊन बसतो आणि बोर्डिंगचं प्रत्येक पोर कुठे उभं होतं, काय केलं, ते लिहून ठेवतो. शेकोटीपाशी एकेकाला ते सांगतो. पंचवीस वर्षांच्या अशा वह्या माझ्याकडे आहेत.

तुमच्या मुलाच्या शाळेत असं काही असेल किंवा नसेल. आजच तिथल्या रेक्टरांना फोन करून एवढंच विचारा : कार्यक्रम संपल्यापासून झोपेपर्यंत बोर्डिंगची मुलं काय करतात? ‘जेवण करून झोपतात’ असं उत्तर आलं, तर नम्रपणे एक विनंती करा की त्या रात्री मुलाला घरी फोन लावू द्यावा, मग साडेदहा वाजोत की अकरा. बहुतेक ठिकाणी रेक्टर नाही म्हणत नाहीत. त्यांच्या डोक्यात ते आलेलं नसतं इतकंच. आणि त्या रात्री तुम्ही दोघं जागे राहा. दुकानात कितीही काम असलं तरी फोन दोघांनी घ्या. ‘कसं झालं?’ विचारलं की पोर ‘चांगलं’ म्हणतं आणि गप्प बसतं. तसं विचारू नका. तू कुठे उभा होतास, तुझ्या शेजारी कोण होतं, मांडव कुठल्या बाजूला होता, दिवे गेले का, जेवायला काय होतं, असं विचारा. सांगता सांगता त्यालाच ती रात्र पुन्हा दिसेल आणि तुम्ही तिथे होतात असं त्याला वाटेल.

आता अभ्यासाचं. बुडतो का? हो, थोडा बुडतो, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे संध्याकाळी सात ते साडेआठ आणि जेवणानंतर तासभर अभ्यासिका असते. गॅदरिंगच्या आधीचे तीन आठवडे त्यातली पहिली अभ्यासिका जवळपास सगळी तालमीत जाते. जुलैत गुरुपौर्णिमा, ऑगस्टमध्ये झेंडावंदनाची लेझीम आणि झांजपथक, मग गणपती, 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती, तालुक्याच्या क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, असं चाललेलं असतं. पण सहामाही परीक्षा दिवाळीआधी होऊन जाते, गॅदरिंग तिच्यानंतर येतं, आणि वार्षिक परीक्षेला अजून तीन महिने असतात. सहावीच्या मुलाचं यात काही बिघडत नाही. दहावीच्या मुलांना मी स्वतः नाचात घेऊ देत नाही, कारण त्यांची पूर्वपरीक्षा जवळ असते. त्यांना सूत्रसंचालन किंवा व्यवस्था देतो. तुमच्या मुलाला त्याला अजून चार वर्षं आहेत.

तो भाग घेत नाही, हा खरा प्रश्न. त्यामागे काय असू शकतं ते सांगतो. ‘मला आवडत नाही’ असं पोर म्हणालं की मी लगेच मान्य करत नाही. कित्येकदा त्या वाक्याच्या मागे ड्रेसचं भाडं असतं. नाचाचे कपडे भाड्याने आणतात, माणशी दोन-तीनशे रुपये वर्गणी बसते, आणि पोराने घरचं बोलणं ऐकलेलं असतं. पोरं पैशाचं कधी तोंडावर सांगत नाहीत. आमच्याकडे मी आता ही वर्गणीच बंद केली आहे. लेझीम, गजनृत्य, पोवाडा यांना लागतं ते आम्ही एकदा घेऊन पेटीत ठेवलंय, दरवर्षी धुऊन वापरतो. सिनेमाच्या गाण्यांवरचे भाड्याच्या झगझगीत कपड्यांचे नाच मला बोर्डिंगच्या मुलांसाठी बरोबर वाटत नाहीत, आणि हे मी बैठकीत भांडून मांडलेलं मत आहे. तुमच्याकडे पैशाची अडचण नसेल, पण तुमच्या मुलाला ती आहे असं वाटत असू शकतं. दिवाळीत घरी असताना धंद्याच्या मंदीचं काही बोलणं झालं होतं का, आठवून बघा. तसं असेल तर फोनवर सहज सांगून टाका, ‘वर्गणी भरायची असली तर सरांना सांग, आम्ही पाठवतो.’ पुढे काही बोलू नका.

पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, त्याची अडचण बोलण्याची असावी. पाचवीपर्यंत कोइमतूरला शिकलेलं पोर. घरात तुम्ही बोलता ती खानापूरकडची मराठी, बाहेर तमीळ, शाळेत इंग्रजी. वर्गात एखादा शब्द अडला, सूर वेगळा लागला की सहावीतली पोरं नक्कल करतात. वाईट मनाने करतात असं नाही, पण करतात. विटा, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून गलाईला गेलेल्या कुटुंबांची पोरं आमच्याकडे कायम असतात. केरळातून, तमिळनाडूतून, बंगालमधूनही आलेली. बापाने तिकडे सोनं गाळायचं आणि पोराने इकडे मराठी शिकायची. ही पोरं हुशार असतात, तीन-तीन भाषा डोक्यात असतात, पण पहिलं वर्ष तोंड उघडत नाहीत.

असाच एक मुलगा काही वर्षांपूर्वी आमच्याकडे होता. आटपाडीकडचा, त्रिशूरमध्ये वाढलेला. वर्गशिक्षकांनी चांगल्या हेतूने त्याचं नाव वक्तृत्व स्पर्धेत घातलं, भीड चेपेल म्हणून. आदल्या रात्री त्याला ताप भरला. मी नाव काढून टाकायला लावलं. न बोलणाऱ्या पोराला माईकसमोर उभं करून भीड चेपत नाही, आणखी बसते. आमचे क्रीडाशिक्षक मात्र हुशार. त्यांनी त्याला खो-खोच्या मैदानात बसवलं. आठ खेळाडू चौकटीत एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. बसलेल्याने फक्त वाट बघायची असते. पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळाल्याशिवाय उठायचं नाही. याला ते जमायचं. गप्प बसण्याची सवय होतीच, आणि पाय वाऱ्यासारखे. पण स्वतः खो देताना शब्द मोठ्याने उच्चारावा लागतो, नाहीतर पंच फाऊल देतात. पहिले आठ दिवस याचा आवाजच फुटेना. पोरं ओरडायची, ‘मोठ्यांदा दे!’ नवव्या का दहाव्या दिवशी मी ऑफिसात बसलो होतो आणि मैदानावरून एक ‘खो’ आला, कधी न ऐकलेल्या आवाजातला. मी खिडकीशी गेलो. तोच होता, तोंड लाल झालेलं, आणि पुढचा गडी उठून पळत होता.

पुढच्या वर्षी तो 14 वर्षांखालच्या संघात होता. तालुक्याला आम्ही उपांत्य फेरीत हरलो. परत येताना टेम्पोत सगळी पोरं रडत होती, हाही रडत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सर, आपण एका गुणाने हरलो.’ तोवर दीड वर्ष हा मुलगा ‘तुमच्या शाळेत’, ‘तुमच्या मेसमध्ये’ असं बोलायचा. ‘आपण’ त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. ताई, मराठीत ‘आम्ही’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ हे तीन वेगळे शब्द आहेत याचा बोर्डिंगच्या रेक्टरला फार उपयोग होतो. रविवारच्या फोनवर तुमचा मुलगा शाळेबद्दल बोलताना यातला कुठला वापरतो, ते कान देऊन ऐका. ‘यांच्यात’, ‘इथली पोरं’ असं असेल तर तो अजून उंबऱ्याबाहेर आहे. त्याचा दोष नाही, सहाच महिने झालेत.

म्हणून, भाग घ्यायला लावावं का, याचं माझं उत्तर असं : स्टेजवर लावू नका, कामाला लावा. त्याला एक काम मिळवून द्या, ज्याच्यावाचून कार्यक्रम अडेल असं. पडदा ओढणं, साहित्याच्या खोलीची किल्ली सांभाळणं, झांजा मोजून देणं-घेणं, टॉर्च घेऊन पायऱ्यांवरून नाचणाऱ्यांना वर नेणं. गॅदरिंगमध्ये वीस पोरं नाचतात आणि त्यांच्यामागे साठ पोरं राबतात. मला विचाराल तर खरं बोर्डिंग त्या साठांत असतं. पडद्याच्या दोरीवरचं पोर तीन तास एका जागी उभं असतं, त्याच्या तळहाताला वळ उठतात, आणि प्रत्येक नाचाचा शेवटचा ठेका त्याला पाठ असतो. त्याला ‘तू काय केलंस?’ विचारायची गरजच पडत नाही.

साताऱ्यात ही गोष्ट नवी नाही. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायची, आणि सगळी काम करायची. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. दरवर्षी 22 सप्टेंबरला साताऱ्यात मिरवणूक निघते तेव्हा मी आमच्या नव्या पोरांना हे सांगतो. भाऊरावांचं ‘कमवा आणि शिका’ म्हटलं की लोकांना वाटतं, गरिबाच्या पोराने फी भरण्यासाठी काम करायचं. तेवढंच नाही. जिथे आपण दळलं, खणलं, पाणी भरलं, ती जागा आपली वाटते. परक्या घरात पाहुण्याला कुणी काम सांगत नाही, घरच्याला सांगतात. तुमच्या मुलाला त्या शाळेत अजून कुणी काम सांगितलेलं नाही, असं मला दिसतं. रेक्टरांना तसं स्पष्ट म्हणा : ‘त्याला नाचायला घेऊ नका, पण काही तरी जबाबदारीचं द्या.’ कुठल्याही रेक्टरला असं म्हणणारे पालक आवडतात.

तुम्हाला येता येत नाही, त्याबद्दल. न येण्याने पोर मोडत नाही. अर्धवट आश्वासनाने मोडतं. ‘बघू, जमलं तर येतो’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. मी दरवर्षी बघतो, मेकअप केलेली तीन-चार पोरं पडद्याच्या फटीतून गेटकडे बघत असतात. त्यांचे आई-बाप येणार नाहीत असं पक्कं सांगितलेलं असतं ती पोरं नाचून मोकळी होतात. ‘जमलं तर’वाली नाचतात, पण डोळे गेटवर. तेव्हा या रविवारी सांगून टाका की आम्ही येणार नाही, कारण असं असं आहे, आणि गॅदरिंग झाल्यावर अमुक तारखेला येऊ. ती तारीख पाळता येईल अशीच द्या. संक्रांतीनंतरचा भेटीचा रविवार असेल तर उत्तम. आणि गावाकडून कुणी जाऊ शकेल का बघा. आजोबा, मामा, चुलता. विट्यापासून सातारा काही लांब नाही, सकाळी निघालं तर संध्याकाळच्या कार्यक्रमाला आरामात पोचता येतं. आजोबांना स्टेज नीट दिसलं नाही तरी चालेल. कार्यक्रम संपल्यावरचा अर्धा तास त्यांनी तिथे थांबायला हवं, एवढं त्यांना बजावून सांगा. त्यांच्या हातून डबा पाठवाल तर एकट्यापुरता पाठवू नका. भडंग, चकल्या, जे काही असेल ते त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढं. खोलीत डबा उघडणारं पोर त्या रात्री यजमान असतं.

बाकीचे कार्यक्रम तुम्ही समजता तितके मोठे नाहीत. शिक्षकदिनाला मोठी पोरं मास्तर होतात, संक्रांतीला तिळगूळ, सव्वीस जानेवारीला प्रभातफेरी, एखादी प्रतापगडची सहल. गणपती मात्र बोर्डिंगचा खरा सण. दहा दिवस आरती कुणी म्हणायची, प्रसाद कुणी वाटायचा यावरून पोरांची इतकी लगबग असते की घर आठवायला वेळ मिळत नाही. आणि एक अजिंक्यताऱ्याची चढण. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पहाटे पोरांना घेऊन वर जातो. वरून सगळा सातारा दिसतो, आणि प्रत्येक नवं पोर काय करतं माहीत आहे? आपलं गाव कुठल्या दिशेला ते शोधतं. कोरेगाववाला पूर्वेकडे, जावळीवाला पश्चिमेकडे बोट करतो. दूरच्या पोरांना मी महामार्ग दाखवतो. तुमचा मुलगा वर गेला तर त्याला सांगा, तो रस्ता कऱ्हाड-कोल्हापूरवरून बंगळूरला जातो, आणि तुम्ही दोघं त्याच वाटेने येणार आहात. त्याला ती दिशा माहीत असू द्या.

एक गोष्ट जरा काळजीने लिहितो. ‘न्यायला या’ हे नुसत्या आठवणीने असेल, तर वरचं सगळं पुरे. पण तसं नसूही शकतं. गॅदरिंगच्या दिवसांत मोठी पोरं धाकट्यांकडून कपडे धुऊन घेतात, निरोप पोचवायला पळवतात. कधीकधी त्याच्या पलीकडेही जातं. शेलापागोटे हा प्रकार तर मी आमच्याकडे बंद केला. चिठ्ठीवर नाव न घालता कुणाच्या रंगावर, जाडीवर, बोलण्यावर लिहायचं आणि माईकवर वाचून हसायचं. गावातलं पोर घरी जाऊन आईजवळ रडतं. बोर्डिंगच्या पोराला ती चिठ्ठी लिहिणाऱ्याच्याच शेजारी झोपायचं असतं. तुमच्या मुलाच्या बोलण्याची नक्कल होत असेल आणि त्याला या चिठ्ठ्यांची भीती असेल, तर ‘गॅदरिंगच्या आधी’ या शब्दांचा अर्थ लागतो. त्याला विचारा, पण सरळ नको. ‘तुमच्याकडे शेलापागोटे असतात का रे, कोण वाचतं?’ असं विचारा. त्याचा आवाज बदलला तर रेक्टरांशी त्याच दिवशी बोला.

आणि जेवण तुटलं असेल, रात्री अंथरूण ओलं होत असेल, वस्तू वारंवार हरवत असतील, अंगावर खुणा असतील, एखाद्या मोठ्या मुलाचं किंवा माणसाचं नाव निघालं की तो गप्प होत असेल, तर मी लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि पहिली गाडी पकडून या. दुकान थांबेल. शाळा ऐकून घेत नसेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. मुलाला तो पाठ करून ठेवायला सांगा. आमच्याकडे फोनच्या वरच भिंतीवर रंगवलेला आहे.

तसं काही नसेल, आणि बहुतेक नसेलच, तर या रविवारी एवढं करा. आधी रेक्टरांशी बोला : काम द्या, आणि त्या रात्री फोन लावू द्या. गॅदरिंगची तारीख विचारून घ्या. मग मुलाशी बोला. आम्ही गॅदरिंगला येणार नाही, आजोबा येतील, आणि आम्ही अमुक रविवारी येऊ, हे एका दमात सांगा. तो रडेल. रडू द्या, फोन ठेवू नका. रडणं ओसरलं की विचारा, सरांनी तुला कुठलं काम दिलंय. पडद्याचं दिलं असेल तर दोरी कुठल्या बाजूला आहे, डाव्या की उजव्या, तेही विचारा. आजोबांना ती बाजू सांगून ठेवा, म्हणजे ते त्याच बाजूला बसतील.